धुतल्या हातांचा हिशेब

मे २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक बातमी छापली होती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नॉर्थ शोर युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे. तिथल्या अतिदक्षता विभागात कोणी खोलीत शिरले की दारावरचा संवेदक जागा होतो, कॅमेरा सुरू होतो आणि ते चित्रण अर्धे जग ओलांडून भारतात येते. भारतात पडद्यासमोर बसलेली माणसे ते पाहतात आणि एकच गोष्ट नोंदवतात : आत गेलेल्याने हात स्वच्छ केले की नाही.

ही बातमी मी कापून ठेवली होती. मी डॉक्टर नाही. एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात माझी बरीच वर्षे गेली आणि वैद्यकाचा इतिहास हा फावल्या वेळातला नाद. तपासणीच्या कामाने एक गोष्ट मनावर कोरली. तपासनीस समोर उभा असताना मिळणारा आकडा आणि तो चहाला गेल्यावरचा आकडा, हे दोन वेगळे आकडे असतात. त्यामुळे बातमी वाचताना कॅमेऱ्याचे कौतुक वाटण्याऐवजी वेगळाच प्रश्न पडला. हात धुतल्याने जीव वाचतात हे दीडशेहून अधिक वर्षे माहीत आहे. मग ते धुतले की नाही हे पाहायला जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या रुग्णालयाला परदेशात पहारेकरी का बसवावे लागावेत? आणि ते बसवल्यावर नेमके काय हाती लागते?

प्रश्न क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत भरती होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच नवा संसर्ग होतो. अशा संसर्ग झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक दगावतो. माणूस हाड मोडले म्हणून जातो आणि न्यूमोनिया घेऊन परततो, किंवा परततच नाही. या संसर्गाची वाहने अनेक आहेत, पण त्यांत सर्वांत जास्त वर्दळीचे वाहन म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचा हात.

व्हिएन्नातले दोन दरवाजे

कथा बहुतेकांना ठाऊक असते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातला एक धागा सहसा सुटून जातो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात ३ पेक्षाही कमी. दाखल करून घेण्याचे दिवस ठरलेले असत. पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळल्यावर बायका गुडघे टेकून विनवण्या करत, की आम्हांला तिथे नेऊ नका.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला उत्तर मिळाले ते एका मित्राच्या मृत्यूतून. मार्च १८४७ मध्ये याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन वारले आणि त्यांच्या देहात तीच लक्षणे दिसली जी सूतिकाज्वराने गेलेल्या बायकांत दिसत. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत होते. सेमेलवाइसने मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरामागे १८ वर गेलेले मृत्यू जुलैत सव्वाच्या आसपास आले.

सुटून जाणारा धागा असा. सेमेलवाइसने किती जणांनी हात धुतले हे मोजले नाही, त्याने मृत्यू मोजले. रोग इतका उग्र होता आणि फरक इतका ठळक, की परिणामावरूनच कृती सिद्ध झाली. आज तसे होत नाही. आजच्या वॉर्डात एका न धुतलेल्या हाताचा परिणाम चार दिवसांनी, दुसऱ्याच खाटेवर, तापाच्या रूपाने उगवतो आणि तो कोणाच्या हातून आला हे सांगता येत नाही. म्हणून परिणामाऐवजी कृतीच मोजावी लागते. सगळी अडचण इथून सुरू होते.

छेद कुठून आणायचा?

‘आमच्याकडे हातांच्या स्वच्छतेचे पालन ७० टक्के आहे’ असे रुग्णालय सांगते, तेव्हा तो एक अपूर्णांक असतो. अंश म्हणजे हात किती वेळा स्वच्छ केले. छेद म्हणजे किती वेळा करायला हवे होते. अंश मोजणे तुलनेने सोपे. छेद मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो ठरवावा लागतो.

तो ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत पाच क्षण सांगितले : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सलाईनची सुई टोचण्यासारख्या निर्जंतुक कामापूर्वी, रक्त-लघवीसारख्या स्रावांशी संबंध येण्याची शक्यता घडून गेल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाला न शिवताही त्याच्या खाटेला किंवा सामानाला हात लागल्यानंतर. प्रशिक्षित निरीक्षक कागद घेऊन वॉर्डात उभा राहतो आणि असा प्रत्येक क्षण टिपतो. ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

या कामाचा पाया जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांनी घातला. १९९४ मध्ये त्यांच्या चमूने २,८३४ संधी पाहिल्या. पालन निघाले ४८ टक्के. परिचारिका डॉक्टरांच्या पुढे होत्या. सर्वांत कमी पालन अतिदक्षता विभागात होते आणि काम जितके जास्त तितके ते घसरत होते. म्हणजे ज्यांचे हात सर्वाधिक वेळा धुतले जायला हवेत, त्यांनाच धुवायला सवड नव्हती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाने हे उघड केले : बारा जणांच्या अतिदक्षता विभागात सगळ्यांनी नियमाप्रमाणे साबणपाण्याने हात धुतले, तर एका पाळीत परिचारिकांचे मिळून १६ तास बेसिनपाशीच जातील. खाटेजवळ अल्कोहोलचा पंप ठेवला तर तेच काम ३ तासांत होते.

जिनिव्हाने नेमके हेच केले. अल्कोहोलचा हँडरब खाटेपाशी नेला. १९९७ पर्यंत पालन ६६ टक्के झाले. रुग्णालयात लागण झालेल्या रुग्णांचे प्रमाण १९९४ मधल्या १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर उतरले. पालन वाढले ते मुख्यतः परिचारिकांचे, डॉक्टर बरेचसे होते तिथेच राहिले. तरीही लक्षात ठेवायचे ते असे, की पहारा वाढवण्याआधी इथे पंपाचे अंतर कमी केले गेले.

नजरेसमोर आणि नजरेआड

निरीक्षकाच्या पद्धतीत दोन दोष आहेत. पहिला, तो महिन्यातल्या हजारो संधींपैकी मूठभरच पाहतो, तेही बहुधा दिवसाच्या पाळीत. दुसरा दोष अधिक खोल आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून काही वर्षे प्रयोग झाले. आपल्याकडे लक्ष दिले जात आहे या जाणिवेनेच कामगारांचे काम बदलते, असा त्यांचा अर्थ लावला गेला. मूळ प्रयोगांविषयी पुढे बरेच वाद झाले, पण ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव टिकले.

रुग्णालयात हा परिणाम केवढा असतो, हे टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये यंत्राच्या साहाय्यानेच मोजले. हँडरबच्या डिस्पेन्सरना आणि माणसांना जागा कळवणारे संवेदक लावलेले होते, त्यामुळे निरीक्षक कुठे उभा आहे आणि कोणता डिस्पेन्सर केव्हा दाबला गेला हे दोन्ही कळत होते. निरीक्षकाच्या नजरेच्या टप्प्यातला डिस्पेन्सर तासाला सरासरी ३.७५ वेळा दाबला जात होता. त्याच वेळी नजरेआडचा डिस्पेन्सर १.४८ वेळा. म्हणजे निरीक्षकाने प्रामाणिकपणे लिहिलेला आकडाही त्याच्या स्वतःच्या उपस्थितीचा आकडा होता. तिथून ‘निरीक्षकाऐवजी यंत्र लावा’ या म्हणण्याला बळ मिळाले.

यंत्राला काय दिसते?

अशी यंत्रे ढोबळमानाने चार प्रकारची आहेत. सर्वांत साधे यंत्र म्हणजे डिस्पेन्सरमधला मोजक : किती वेळा दाबला एवढेच तो सांगतो, कोणी ते नाही. दुसरा प्रकार बिल्ल्याचा. कर्मचाऱ्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा संदेश दाराजवळचा, खाटेजवळचा आणि डिस्पेन्सरमधला संवेदक टिपतो. खोलीत शिरताना हात स्वच्छ केले नाहीत तर बिल्ला कुठे थरथरतो, कुठे लाल दिवा दाखवतो. काही बिल्ले हातावरच्या अल्कोहोलची वाफही हुंगतात. तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा, ज्यात दूरवरचा माणूस चित्रण पाहतो. चौथ्यात पाहणाराही संगणकच असतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी यासाठी साध्या कॅमेऱ्याऐवजी खोली मोजणारे संवेदक वापरून पाहिले. त्यांत चेहरा उमटत नाही, नुसती हालणारी आकृती उमटते. खासगीपणाच्या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर होते.

यंत्र थकत नाही, रात्रपाळी चुकवत नाही, सगळे पाहते. पण ‘सगळे’ म्हणजे काय? यंत्राला दार कळते, खाट कळते, पंप कळतो. पाच क्षणांपैकी खोलीत शिरणे आणि बाहेर पडणे यांच्याशी मिळतेजुळते क्षण ते पकडते. खाटेपाशी उभ्या परिचारिकेने लघवीची पिशवी रिकामी केली आणि मग त्याच हाताने सलाईनच्या नळीत इंजेक्शन दिले, तर दारावरच्या संवेदकाच्या लेखी काहीच घडलेले नाही. ती शिरताना पंप दाबून आली होती, बाहेर पडताना पुन्हा दाबेल, तिची नोंद शंभर टक्के. प्रत्यक्षात रुग्णाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका याच मधल्या क्षणात होता.

शिवाय यंत्र दाबणे मोजते, चोळणे नाही. हँडरब बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याला, नखांच्या टोकांना लागावा म्हणून २० ते ३० सेकंद चोळायचा असतो. पंपाखाली हात फिरवून चालू पडणाऱ्याचीही नोंद पूर्णच होते. आणि काही जंतूंना अल्कोहोल पुरतच नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू हँडरबने मरत नाहीत, तिथे साबणपाणीच हवे. बिल्ल्याचा हिरवा दिवा हा भेद जाणत नाही.

आकड्यांनी काय सांगितले?

तरीही यंत्रांनी तीन गोष्टी अशा दाखवल्या, ज्या कागद घेतलेल्या निरीक्षकाला कधी दिसल्या नसत्या.

पहिली नॉर्थ शोरची. १७ खाटांच्या अतिदक्षता विभागात बेसिन आणि डिस्पेन्सरवर रोखलेले कॅमेरे १६ आठवडे नुसते पाहत होते. कोणाला काही कळवले जात नव्हते. त्या काळात पालन होते ६.५ टक्के. निकष कडक होता, दारातून ये-जा करतानाच्या थोड्या सेकंदांत हात स्वच्छ व्हायला हवेत असा, हे खरे. पण आकडा धक्कादायकच. मग विभागात फलक लावले गेले आणि त्यांवर चालू पाळीचा आकडा झळकू लागला. पालन ८१.६ टक्क्यांवर गेले आणि पुढचे ७५ आठवडे ८७.९ टक्के राहिले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे दोन्ही वेळा होतेच. फरक पडला तो पाहिलेले परत सांगितल्याने. आणि फलकावर कोणा एकाचे नाव नव्हते, सगळ्यांचा मिळून एक आकडा होता.

दुसरी गोष्ट थकव्याची. अमेरिकेतल्या ३५ रुग्णालयांतल्या ४,१५७ कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०१५ च्या त्या अभ्यासात दिसले की बारा तासांच्या पाळीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत पालन सरासरी ८.७ टक्के-अंकांनी घसरते. दोन पाळ्यांमध्ये विश्रांती जास्त मिळाली, तर पुढच्या पाळीत ते सुधारते. हा आकडा कोणाविरुद्ध पुरावा आहे? सकाळी सातला हात धुणारी आणि संध्याकाळी साडेसहाला विसरणारी परिचारिका एकच आहे. तिचे ज्ञान वा निष्ठा बारा तासांत कमी झालेली नाही. कमी झाली आहे ती ताकद. हीच नोंदवही परिचारिकेच्या नावावर लाल शेरा मारायला वापरता येते आणि पाळ्या लहान करा, माणसे वाढवा असे व्यवस्थापनाला सांगायलाही. यंत्र दोन्हींतले काहीच सुचवत नाही. वही कोणाच्या टेबलावर उघडते, त्यावर सगळे ठरते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याच गटातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ४२ रुग्णालयांतल्या नोंदी मांडल्या. प्रत्येकावर वैयक्तिक नजर ठेवणारी यंत्रणा सुरू झाल्यावर पालन वाढले, काही काळाने हळूहळू ओसरू लागले, आणि जिथे यंत्रणा बंद केली तिथे ते यंत्रणा येण्यापूर्वी होते त्याच्याही खाली गेले. म्हणजे पहाऱ्याने सवय लागली नाही, उलट मुळात जी थोडी स्वतःची सवय होती तीही पहाऱ्याच्या स्वाधीन झाली. कारखान्यातल्या माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. तपासणीचा शिक्का आला की कारागीर स्वतःच्या बोटाने धार पाहणे सोडतो.

आपल्या वॉर्डात

ही सारी यंत्रणा एका गृहीतावर उभी आहे : एक खोली, एक दार, एक रुग्ण. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातला जनरल वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. एका दाराआड तीस-चाळीस खाटा. गर्दीच्या दिवसांत दोन खाटांच्या मधे जमिनीवर आणखी एक रुग्ण. सिस्टर एकदा दारातून आत येतात आणि पाळी संपेपर्यंत खाटेवरून खाटेवर फिरतात. दारावरच्या संवेदकाला त्यांचे आत येणे दिसेल, चाळीस रुग्णांमधले त्यांचे हात दिसणार नाहीत.

दुसरी गोष्ट, हे हात फक्त सिस्टरांचे नसतात. रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, भांडे देणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे आपल्याकडे आई, बायको, भाऊ, सून करतात. वॉर्डातल्या मामा-मावशी त्यांना मदत करतात. शेजारच्या खाटेवर कोणी एकटे असेल तर तीच सून त्यालाही पाणी पाजते. ही माया आपल्या रुग्णालयांचे बळ आहे आणि संसर्गाची वाटही. नातेवाइकांच्या गळ्यात बिल्ला नसतो. यंत्राच्या छेदात ते नाहीतच.

मग आपण काय मोजावे? एक जुनी, जवळपास फुकटची पद्धत आहे : हँडरब किती खपला ते. जिनिव्हात १९९३ साली दर हजार रुग्णदिवसांमागे ३.५ लिटर हँडरब खपत होता, १९९८ मध्ये १५.४ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यांकनाच्या चौकटीत २० लिटर हा टप्पा धरला आहे. याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. हजार रुग्णदिवसांना २० लिटर म्हणजे एका रुग्णासाठी दिवसाला २० मिलिलिटर. एका वेळेला सुमारे ३ मिलिलिटर लागतात असे धरले तर चोवीस तासांत सहा-सात वेळा. समजा, आपल्या चाळीस खाटांच्या वॉर्डात महिनाभर सगळ्या खाटा भरलेल्या आहेत. ते झाले १,२०० रुग्णदिवस. स्टोअरमधून त्या महिन्यात ६ लिटर हँडरब आला असेल, तर एका रुग्णाच्या वाट्याला दिवसाला ५ मिलिलिटर. म्हणजे दिवसभरात त्याच्यासाठी कोणी धड दोनदाही हात स्वच्छ केलेले नाहीत. हा हिशेब स्टोअरचे रजिस्टर आणि भरतीचे रजिस्टर शेजारी ठेवून कोणीही करू शकतो. कोणाचे नाव पुढे येत नाही आणि कोणी नजरेसमोर नाटक करू शकत नाही. पाच क्षण यालाही दिसत नाहीत, हे कबूल. पण बाटली पोचलीच नव्हती की पोचून पडून राहिली, एवढे तरी कळते, आणि दोष वॉर्डाचा की खरेदीचा हेही.

खाटेपाशी काय घडते ते पाहायला मात्र जाणत्या माणसाचा डोळाच लागेल. यंत्राने निरीक्षकाची जागा घेऊ नये, त्याचा वेळ वाचवावा. पालन कुठे आणि केव्हा घसरते ते यंत्राने दाखवावे, आणि का घसरते ते विचारायला माणसाने जावे. पंप रिकामा आहे का? हाताची कातडी सोलली आहे का? एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत?

कोणाच्या भल्यासाठी?

२०११ साली ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका रुग्णालयात डिस्पेन्सरवर दोन प्रकारच्या पाट्या लावल्या. एका पाटीचा आशय, हात स्वच्छ ठेवल्याने तुम्हांला रोग होत नाहीत. दुसरीचा, हात स्वच्छ ठेवल्याने रुग्णांना रोग होत नाहीत. फरक एका शब्दाचा. पहिल्या पाटीने काही हालले नाही, दुसरीने वापर वाढला.

आपल्याकडे हात धुण्याची परंपरा मोठी आहे, पण तिची दिशा तपासून पाहायला हवी. सोवळ्यातले हात धुणे म्हणजे दुसऱ्याच्या स्पर्शाचा विटाळ मला होऊ नये म्हणून धुणे. त्या विटाळाच्या कल्पनेने माणसांवर काय अन्याय केला ते सर्वांना ठाऊक आहे. रुग्णालयातले हात धुणे याच्या बरोबर उलट दिशेचे आहे : माझ्या स्पर्शाने दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून. सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या काळातल्या अनेक डॉक्टरांना झोंबले ते बहुधा याच कारणाने. प्रतिष्ठित माणसाचा हातच घातक असू शकतो, हे मान्य करणे सोपे नव्हते. जिनिव्हातले डॉक्टरांचे आकडे पाहिले तर ते अजूनही तितके सोपे झालेले नाही.

मराठीत पाहण्यासाठी दोन शब्द आहेत, ‘पाळत’ आणि ‘निगा’. पाळत संशयिताची ठेवतात, निगा आजाऱ्याची राखतात. निगा हा शब्द फारसीतल्या नजर या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पण आपण राखतो ती निगा झाडाची, गुराची, लेकराची. नॉर्थ शोरचा सर्वांसाठीचा फलक आणि गळ्यातला नावानिशी नोंद करणारा बिल्ला यांत तंत्राचा फरक असेल किंवा नसेल, या दोन शब्दांइतका फरक नक्की आहे. उद्या आपल्या रुग्णालयांत अशी यंत्रे येतील, मोठ्या खासगी रुग्णालयांत आधी. तेव्हा ती किती अचूक आहेत हे विचारायलाच हवे. त्याबरोबर हेही विचारावे, की आकडा घसरला तर पहिली चिठ्ठी कोणाच्या नावे निघणार : बारा तास उभ्या असलेल्या सिस्टरच्या, की दुसरी सिस्टर न नेमणाऱ्याच्या?